स्विथलंडचं रान कसं बघावं: लेस्टरला आई-वडील आलेल्यांसाठी

२०१९च्या एप्रिलमध्ये आई-आप्पा चिपळूणहून पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा पहिले दोन आठवडे मी त्यांना नुसतं पळवलं. लंडन, स्टोनहेंज, एक किल्ला, दोन मोठाली चर्चं. आई रात्री पाय शेकत बसायची आणि आप्पा "छान आहे हो" एवढंच म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी मला सुट्टी होती. काहीच ठरवलं नव्हतं, म्हणून दोघांना स्विथलंड वुडला घेऊन गेले. गाडीतून उतरल्या उतरल्या आप्पांनी विचारलं, "इथला पॉइंट कुठला गं?"

इथे पॉइंट नाही. दरी नाही, धबधबा नाही, देऊळ नाही. ओकची झाडं आहेत, चिखलाच्या वाटा आहेत, एक ओढा आहे आणि मधोमध पाण्याने भरलेली जुनी खाण आहे. सगळं रान भराभर चाललात तर तासाभरात पालथं घालून होतं. आम्ही त्या दिवशी चार तास होतो, आणि चिपळूणला परत जायच्या आधी आप्पा तिथे अकरा वेळा गेले. शेवटी शेवटी तर मी कामावर असताना जावयाच्या मागे लागून जायचे.

तेव्हापासून ओळखीतल्यांचे फोन येतात, "आई-बाबा येतायत, त्या जंगलाचं जरा सांग ना." फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांबद्दल चार शब्द जास्त येतील. ते गाळू नका, साठीच्या पुढच्या माणसांना त्यांचीच गरज असते.

केव्हा आणि कसं जायचं

सहा महिन्यांचा व्हिसा असेल तर आई-वडिलांना एप्रिलच्या मध्यापर्यंत आणा. ब्लूबेल (घंटेच्या आकाराची निळी रानफुलं) फुलतात त्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. थंडी लांबली तर चार दिवस पुढे, ऊब लवकर आली तर चार दिवस मागे. जूनमध्ये गेलात तर फुलांच्या जागी कमरेएवढा नेचा माजलेला असतो आणि आपण कशासाठी आलो हेच कळत नाही.

लेस्टरच्या मध्यापासून हे रान वायव्येला साधारण सहा-सात मैल आहे. ॲन्स्टी, मग क्रॉप्स्टन, की आलंच. पार्किंग दोन आहेत, एक दक्षिणेला, एक उत्तरेला, आणि दोन्हीकडे पैसे भरावे लागतात. आई-वडील बरोबर असतील तर दक्षिणेकडून शिरा. बसनेही जाता येतं, वुडहाउस ईव्ह्जकडे जाणाऱ्या बसने. पण गाड्या कमी असतात आणि रविवारचा भरवसा धरू नका. वेळापत्रक आदल्या रात्री बघा, आणि जायच्या बसपेक्षा परतीची शेवटची बस कधी ते आधी बघा.

शनिवार-रविवार आणि मेच्या बँक हॉलिडेला पार्किंग दहाच्या आत भरतं. साध्या वारी जा, आणि सकाळी नऊपर्यंत पोचा. त्या वेळी ऊन तिरकं असतं, ओकला पालवी नुकती फुटलेली असते, आणि प्रकाश थेट जमिनीपर्यंत पोचतो. सगळी गंमत त्याच प्रकाशाची आहे. ब्लूबेलचं वर्षाचं जवळजवळ सगळं काम वसंतातच उरकतं, वरच्या झाडांनी छत्री उघडायच्या आत. फूल, पान, पुढच्या वर्षासाठी कांद्यात साठवण, सगळं. मेअखेर छत्री पुरती उघडली की खाली अंधार होतो आणि हिचं दुकान बंद.

पायात काय, पाठीवर काय

आईने पहिल्या दिवशी चपला घातल्या होत्या. "बागेतच तर जायचंय," म्हणाली. मी ऐकलं, ती माझी चूक. जमीन चिकणमातीची आहे, आठवडाभर पाऊस नसला तरी ओढ्याच्या बाजूला पाऊल रुततं. तळाला चांगले खाचे असलेले, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. नवे घेतले तर आधी तीन-चार दिवस घरात घालून फिरायला लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो. दोन मोजे घालू द्या, आपल्या माणसांचे पाय इथे गारठतात.

वाट चढाची नाही, पण मुळं वर आलेली आहेत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला चढाचा त्रास कमी होतो, मुळांवरून उतरताना पाय वाकडा पडण्याचा जास्त. एक चालायची काठी घ्या, दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायला सांगा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. काठीची उंची अशी ठेवा की ती टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहील. अर्धा तास चाललं की पाच मिनिटं बसायचं, दमलं नसलं तरी. दमल्यावर बसलं की उठवत नाही.

रानात स्वच्छतागृहाची आशा धरू नका, घरून निघतानाच आटपून घ्या. नाहीतर आधी जवळच्या ब्रॅडगेट पार्कच्या न्यूटाउन लिनफर्डच्या दारावर जाऊन मग इकडे या. कपडे एकावर एक थरांचे घाला, एक जाड स्वेटर नको. झाडांखाली बाहेरच्यापेक्षा गार असतं आणि उन्हाच्या मोकळ्या तुकड्यात आलं की लगेच उकडतं.

खायला आम्ही दडपे पोहे नेतो. ओलं खोबरं लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत गोठवलेलं मिळतं, आदल्या रात्री काढून ठेवायचं. काकडी मात्र तिथे गेल्यावर मिसळा, आधी घातली की डब्यात पाणी सुटतं. थर्मासमध्ये चहा. कागद, साल, बडीशेपेची पुडीसुद्धा परत घरी. तिथे केराची पेटी शोधत बसायचं नाही.

फुलांत पाय घालू नका

हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय, कारण मी स्वतः ते केलं आहे.

२०१७ साली माझा मुलगा चार वर्षांचा होता. निळ्या गालिच्यात बसलेल्या पोराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, तसा मला हवा होता. दक्षिणेकडच्या वाटेला पहिलं मोठं वळण आहे, तिथे एक आडवा पडलेला ओक आहे. त्याच्यापाशी वाट सोडून आम्ही चौघं सहा-सात पावलं आत गेलो, त्याला बसवला, दहा मिनिटं फोटो काढले. बाहेर आलो तर आमच्या मागे एक कुटुंब त्याच जागी शिरलं, त्यांच्या मागे आणखी एक. एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन वाटेवर उभी होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, की एकदा पाऊलवाट दिसली की सगळ्यांना वाटतं ती वाटच आहे.

पुढच्या वर्षी त्या जागी फूल नव्हतं. तुडवलेल्या मातीचा चार हात रुंद पट्टा होता, आणि दोन्ही बाजूंना निळं.

होतं ते असं. ब्लूबेलचं पान मऊ, रसरशीत असतं. पायाखाली चिरडलं की ते परत उभं राहत नाही. पान गेलं की कांद्याला अन्न मिळत नाही, आणि माती दबली की नवा कोंब वर येत नाही. बियापासून फूल धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे पोराच्या एका फोटोला त्याच्या शाळेची निम्मी वर्षं मोजावी लागतात. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, आणि रानातले कांदे उपटणं हा इथे कायद्याने गुन्हा आहे. फुलं तोडूनही आणू नका. घरी पोचेपर्यंत माना टाकतात, शिवाय झाड विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात नकोच.

फोटो हवाच असेल तर वाटेवरच उकिडवे बसा आणि कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा. वरून काढलं तर मधली हिरवी पानं जास्त दिसतात. खालून, वाटेच्या कडेने काढलं तर फुलं एकात एक मिसळून निळा धूर पसरल्यासारखी दिसतात. ऊन नको, ढग बरे. उन्हात निळा रंग फिकट आणि जांभळट येतो.

आणि फोटो झाला की कॅमेरा ठेवून एकाच फुलाकडे बघा. आप्पा चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत गुरुजी होते, त्यांच्या खिशात अजूनही भिंग असतं. ते वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसले आणि मला खाली ओढलं. देठ वर जाऊन एका बाजूला झुकतो, आणि घंटा सगळ्या त्याच बाजूला लोंबतात. घंटेच्या कडा मागे वळलेल्या असतात, जिलबीच्या टोकासारख्या. आत वाकून पाहिलं तर परागकोश साईच्या रंगाचे, पिवळट पांढरे. आता आपल्या घराच्या मागच्या बागेतली, न लावता उगवलेली ब्लूबेल पाहा: ताठ उभी, घंटा चारी बाजूंना, वास जवळजवळ नाही, आणि आतले पराग निळसर. ती स्पॅनिश किंवा मिश्र जातीची. बागेतला कचरा कुणी रानाच्या कडेला टाकला की ती आत शिरते आणि इथलीशी तिचा संकर होतो. म्हणून बागेतली माती, कांदे, छाटणी रानाजवळ टाकू नका, आणि गावी फोटो पाठवताना तुमच्या बागेतल्या फुलाला "इथलं रानफूल" म्हणू नका.

निळ्याच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर वुड ॲनिमोन असतात, पांढऱ्या चांदण्या. ढग आले की मिटतात, ऊन आलं की उघडतात. आईला ब्लूबेलपेक्षा त्याच आवडल्या.

लाइम म्हणजे लिंबू नव्हे

माहितीफलकावर 'स्मॉल-लीव्हड लाइम' वाचून आप्पा झाडाखाली लिंबं शोधत होते. नाव सारखं, बाकी काही संबंध नाही. हा लाइम थंड प्रदेशातला उंच वृक्ष आहे आणि त्याला फळ म्हणून वाटाण्याएवढ्या गोळ्या येतात.

ओळखायचा कसा: पान पिंपळाच्या पानाचं लहान भावंड, बदामी आकाराचं, पण शेपटी आखूड. उलटं करा. मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा फुटतात त्या बेचक्यांत तांबूस केसांचे बारीक झुपके दिसतील, गंज लागल्यासारखे. ते दिसले की हाच.

या झाडासमोर मी सगळ्यांना थांबवते, त्याला कारण आहे. इंग्लंडचा उन्हाळा याला पुरेसा उबदार नाही, त्यामुळे रुजणारं बी फार क्वचित धरतं. म्हणजे हे झाड आपणहून नव्या जागी जात नाही. जिथे ते रानात दिसतं, तिथे रान फार जुनं असतं. पूर्वी लोक ते बुंध्याशी तोडत, मग बुडातून पाच-सहा नवे फुटवे येत, पंधरा-वीस वर्षांनी ते तोडत, पुन्हा नवे. आपल्याकडे कोकणात राबासाठी आईन-किंजळ तोडतात आणि झाड पुन्हा फुटतं, तसंच. आप्पांना हे सांगावं लागलं नाही. पाच खोडं एका बुडातून आलेली पाहून तेच म्हणाले, "हे तोडीचं झाड आहे. खोडं पोरींची आहेत, बूड पणजीचं आहे." वरच्या खोडांच्या जाडीवरून वय काढू नका, खालच्या बुडाचा घेर बघा.

इंग्लंडमध्ये १६००च्या आधीपासून सलग असलेल्या रानाला 'प्राचीन रान' म्हणतात. ब्लूबेल, ॲनिमोन आणि हा लाइम एका ठिकाणी दिसणं ही त्याची खूण.

आई-वडील जुलैपर्यंत राहणार असतील तर या झाडाखाली पुन्हा या. तेव्हा त्याला फिकट पिवळी फुलं येतात, वास मधाचा, आणि अख्खं झाड मधमाश्यांनी घुमतं. गारव्याच्या दिवशी नाही, उन्हाच्या दुपारी.

खाण

रानाच्या मध्ये जुनी स्लेटची खाण आहे. भोवती दगडी भिंत आणि कुंपण, आत खोल, काळपट हिरवं, हलत नसलेलं पाणी. चिरेखाण पाहिलेल्या कोकणी माणसाला काही समजवावं लागत नाही. उपसा थांबला की खाण पाणी धरते, आणि तिला काठ नसतो, एकदम बुड. आमच्या गावी पावसाळ्यात पोरांना चिरेखाणीकडे जायला बंदी असायची, तसंच इथे मुलाचा हात सोडू नका. कुंपणावर चढून फोटो नाही, पाण्यात दगड टाकायला जवळ जायचं नाही. उन्हाळ्यात बाहेर कितीही उकडलं तरी खोल खाणीचं पाणी गोठवणारं असतं, आणि अशा पाण्यात पट्टीचा पोहणारासुद्धा पहिल्या मिनिटात दम हरवतो.

खाणीच्या आसपास झाडी माजलेले उंचवटे दिसतील. त्या टेकड्या नव्हेत, काढून टाकलेल्या स्लेटचे ढीग आहेत. पायाखाली कपच्या मिळतात. आप्पांनी एक उचलली, अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "अगं, ही तर पाटी!" मग दुसरी टोकदार कपची घेतली आणि तिच्यावर 'अ' काढला. पांढरट, स्वच्छ रेघ उमटली. पहिलीच्या वर्गात फळ्यावर काढायचे तसाच, गोल पोटाचा, शेपटी ओढलेला. थोडा वेळ बघत बसले, थुंकी लावून अंगठ्याने पुसला, आणि कपची होती तिथे, होती त्याच बाजूवर ठेवली. तुम्हीही ठेवा. हे रान शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित आहे, इथून दगडसुद्धा न्यायचा नाही.

ही स्लेट रोमन काळापासून लेस्टरच्या घरांवर चढली. एकोणिसाव्या शतकात कालव्यांनी आणि मग रेल्वेने वेल्सची पातळ, हलकी, स्वस्त स्लेट इथे यायला लागली आणि शतक संपायच्या आत इथल्या खाणी बंद पडल्या. पण छपरं अजून आहेत. रानातून बाहेर पडल्यावर स्विथलंड आणि वुडहाउस ईव्ह्जमधून गाडी हळू चालवा आणि मान वर करायला लावा. वळचणीकडे मोठ्या, जाड फरशा आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या दिसल्या की ते स्विथलंडच्या स्लेटचं छप्पर. दगड जसा निघेल तसा वापरायचा, मोठा खाली, लहान वर, काही वाया नाही. वेल्सच्या छपराचे सगळे तुकडे एकसारखे असतात. दोन घरं शेजारी दिसली की फरक शाळकरी पोरालाही कळतो.

मग स्विथलंड गावातल्या चर्चच्या आवारात जा. "थडग्यांत कशाला?" असं आई म्हणाली होती. पण इथे आवारात शांतपणे फिरलेलं चालतं, फक्त कुणी दर्शनाला किंवा अंत्यविधीला आलेलं असेल तर बाहेर थांबा. अठराव्या शतकातल्या स्लेटच्या थडग्यांवरची अक्षरं आजही कालच कोरल्यासारखी आहेत. वाळूच्या दगडाची त्याच काळातली थडगी झिजून कोरी झाली आहेत. पुढची बाजू आरशासारखी घासलेली, वळणदार अक्षरं, देवदूतांचे चेहरे. आता मागे जाऊन हात फिरवा: मागची बाजू खडबडीत, खाणीतून फुटली तशीच. स्विथलंडची स्लेट ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. याच आवारात सर जोसेफ डॅनव्हर्सचं १७४५चं थडगं आहे, निम्मं पवित्र जमिनीच्या आत, निम्मं बाहेर. लाडका कुत्रा शेजारी पुरता यावा म्हणून तसं केलं, असं सांगतात.

थडग्यांची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्यात जास्त आवडते. ही स्लेट बिळं करणाऱ्या प्राण्यांच्याही आधीची मानली जायची. मग लेस्टरशरच्या थडग्यांच्या दगडांवर भूशास्त्रज्ञांना चिखलात बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणा सापडल्या आणि दगडाचं वय बदलावं लागलं. आता तो कॅम्ब्रियन काळातला मानतात, पन्नास कोटी वर्षांहून जुना. खाणीत कुणाला दिसलं नाही ते गुळगुळीत घासलेल्या थडग्यावर दिसलं.

पाऊस लागला तर

रिमझिम असेल तर छत्री घेऊन जाच, पक्षी तेव्हाही बोलतात. चिफचॅफ नावाचा इवला पक्षी मार्चमध्ये दक्षिणेकडून येतो आणि दिवसभर स्वतःचंच नाव घेतो, "चिफ-चॅफ, चिफ-चॅफ". आईला पहिल्या पाच मिनिटांत ओळखता आला. वर कुठे टकटक ऐकू आली तर सुतारपक्षी.

धो धो असेल तर लेस्टरच्या न्यू वॉकवरच्या संग्रहालयात जा, तिथेही याच मुलखाची गोष्ट आहे. रानाच्या आसपासच्या खडकाळ प्रदेशाला चार्नवुड फॉरेस्ट म्हणतात. तिथे १९५६मध्ये टीना नेगस नावाच्या शाळकरी मुलीला खडकावर नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. तिने शिक्षिकेला सांगितलं, तर इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच ठसा दिसला, तो प्राध्यापकांपर्यंत पोचला, आणि कॅम्ब्रियनच्या आधीही मोठे जीव होते हे जगाला मान्य करावं लागलं. त्या जीवाला 'चार्निया मेसोनी' नाव मिळालं. ते जीवाश्म संग्रहालयात आहे. आप्पा त्या काचेपुढे उभे राहून म्हणाले, "पोरीचं ऐकायला हवं होतं गुरुजींनी." शिक्षिका होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ब्रॅडगेट पार्क अगदी शेजारी आहे, हरणं आहेत, टेकडीवर १७८४चा ओल्ड जॉन बुरूज आहे, नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिच्या घराचे विटांचे अवशेष आहेत. जरूर बघा, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एका दिवसात कोंबलं की परत पळापळ.

दोन्हीकडची देखभाल एकच ट्रस्ट करतो. ब्रॅडगेट १९२८ साली चार्ल्स बेनियन यांनी विकत घेऊन लोकांना दिलं. स्विथलंड वुड त्याच्या तीन वर्षं आधी, १९२५मध्ये, लेस्टरच्या रोटरी क्लबने लोकांसाठी विकत घेतलं. हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प होते. आमच्या गावाला देवरहाटी आहे, तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, देवाचा धाक. "इथे देव नाही," ते म्हणाले, "मग माणसांनीच राखलं म्हणायचं."

घरी आल्यावर

बूट दाराबाहेर काढा. त्याच संध्याकाळी, अंघोळीच्या वेळी, सगळ्यांचं अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत आणि कानांमागे. इथल्या गवतात आणि नेच्यात टिक असतात, आपल्याकडच्या गोचिडाचेच भाऊबंद, पण कधी कधी तिळाएवढे बारीक. चिकटलेला सापडला तर तेल, मीठ, काडी काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. जागा धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना टिकबद्दल आपणहून सांगा. टिकमुळे होणाऱ्या लाइम रोगावर (मघाच्या लाइम झाडाशी याचा संबंध नाही) औषध आहे, वेळेत घेतलं पाहिजे. लांब पँट मोज्यात खोचून चाललात तर बहुतेक वेळा काही सापडतच नाही. नेटल नावाची झोंबणारी वनस्पती हाताला लागली तर खाजवू नका, गार पाण्याखाली धरा, सहसा काही तासांत उतरतं.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील. आई-बाबांना घरात झोपवून ठेवू नका, गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणा.

आप्पा आता चिपळूणला आहेत, गुडघ्यांमुळे पुन्हा येणं व्हायचं नाही. पण दर वर्षी एप्रिल संपत आला की फोन येतो. "वळणावरची ती जागा भरली का?" माझ्या फोटोची ती जागा, पडलेल्या ओकशेजारची. देखभाल करणाऱ्या कुणीतरी मध्ये तिथे फांद्या आडव्या टाकल्या, तेव्हापासून आत कुणी शिरत नाही. मी फोनवर अंदाजाने सांगत नाही, आधी जाऊन बघून येते. यंदा कडेकडेने आली आहेत, मध्ये अजून माती आहे.